डाव्या हातात रेंज नाही

“त्या कंपनीला देवगाव फाट्यावर आणून उभी करतो! अन् तीबी एका पायावर!”

हे वाक्य उद्धवरावांनी फाट्यावरच्या भर चौकात, हॉटेलच्या बाकड्यावर उभं राहून उच्चारलं. उजव्या हातात चहाचा कप होता, डाव्या हातात नभांक कंपनीचा फोन होता. फोनवर त्यांची बायको विमल होती आणि ती घरून सांगत होती, की येताना दळण आणा. तिचं वाक्य ‘येताना’पाशीच तुटलं. उद्धवराव रिकाम्या हातांनी घरी गेले आणि त्या दिवशी दोन्ही वेळा खिचडी खाल्ली.

उद्धवराव चारठाण्याच्या शाळेत वरिष्ठ लिपिक. लोक त्यांनाही ‘सर’ म्हणत, कारण शाळेच्या आवारात जो चप्पल घालून ऐटीत फिरतो तो सरच. देवावर श्रद्धा बेताची, अर्जावर मात्र अपार! गल्लीतलं कुत्रं रात्रभर भुंकलं तरी ग्रामपंचायतीला अर्ज, तोही दोन प्रतींत. ‘एक परत तुमाला, एक परत मला, वर शिक्का.’ हा त्यांचा मंत्र होता. त्यांनी ‘ग्राहक जागृती मंच’ काढला होता. अध्यक्ष उद्धवराव, सचिव उद्धवराव, सभासद उद्धवराव आणि एक गोल शिक्का. या मंचात फूट पडण्याची भीती कधीच नव्हती.

आता या नभांक फोनचं पाप कुणाचं, ते आधीच सांगून टाकतो. उद्धवरावांचंच. बॅटरी चार दिवस चालते, असं त्यांनी जाहिरातीत वाचलं आणि गावोगाव सांगत सुटले, “घ्यायचा तर हाच घ्या! जिम्मेदारी माझी!” फाट्यावरच्या बन्सीधरच्या दुकानातून बघता बघता बेचाळीस फोन उठले. बॅटरी खरंच चार दिवस चालायची. बोलणंच होत नसेल तर ती संपणार कशानं!

कारण फोन डाव्या हातात धरला की रेंज जायची. फोनच्या डाव्या कडेला खाली एक चकचकीत पट्टी होती. कंपनीनं अँटेना तिथं बसवला होता आणि माणसाचा तळवा नेमका तिथंच येतो. उजव्या हातात धरला तर बरं चालायचं. पण आपल्याकडं उजवा हात मोकळा असतो कुणाचा? त्या हातात पेन असतो, घास असतो, विळा असतो, गाडीचा कान असतो. फोन म्हणजे डाव्या हाताचं काम! हे ज्याला कळत नाही त्यानं फोन काढावेत कशाला, आरसे काढावेत, तिथं डाव्याचं उजवं होतं.

तर बिरूच्या उजव्या हातात काठी असायची.

बिरूची ऐंशी मेंढरं आणि पंधरा शेळ्या फाट्याच्या मागच्या माळावर चरायच्या. बाजूनं हमरस्ता. जनावर रस्त्यावर गेलं की ट्रकखाली गेलं, म्हणून काठीचा हात कधी रिकामा नाही. घरात फोन एकच आणि वस्ती खोलात, तिथं रेंजचं नाव नाही. म्हणून फोन माळावर बिरूजवळ. त्याची पोरगी शालू नर्सिंग शिकून बसली होती. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात तिचं नाव यादीत पहिलं होतं. ‘जागा निघाली की फोन करू,’ असं तिथल्या सत्यशीला सिस्टर म्हणाल्या होत्या.

एक दिवस बिरू काठी टेकत शाळेच्या ऑफिसात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“सर, शालू दवाखान्यात जाऊन आली. फोन आलता म्हणं. तीनदा. सिस्टर म्हणतेत, लागतच न्हाई. जागा दुसऱ्या पोरीला गेली.”

“मग तू उचलला का नाहीस?”

“वाजला तर उचलू ना!” बिरू खाली बघत म्हणाला. “कवा बी यील म्हणून दिसभर मुठीत धरून बसलो. पाणी प्यायला बी खाली ठिवला न्हाई.”

“कोणत्या मुठीत?”

बिरूनं डावा हात पुढं केला. पट्टीची खूण तळव्यावर उमटली होती.

उद्धवरावांनी हातातला पेन खाली ठेवला. त्यांचा पेन खाली येणं ही तालुक्याच्या इतिहासातली दुर्मीळ घटना होती. ज्या बापानं फोन चुकू नये म्हणून तो दिवसभर सोडला नाही, त्याचा फोन त्याच मुठीनं गिळला! आणि हा फोन घ्यायला सांगितलं होतं कुणी?

“दुसरी जागा निघल म्हणं महिन्याच्या शेवटच्या ऐतवारी,” बिरू म्हणाला. “त्या दिवशी सकाळी डॉक्टर यादी बघतेत. एकदाच फोन करतील. न्हाई लागला तर खालचं नाव. दवाखान्यात येऊन बसू नका म्हणलेत. दुसरा नंबर द्यावा म्हणलं, तर वस्तीवर समद्याकडं ह्योच फोन हाय. तुमच्या सांगण्यानं.”

शेवटचे दोन शब्द बिरू सहज बोलला होता. उद्धवरावांना ते काठीसारखे बसले.

“बस बिरू! लिहून दे सगळं. दोन प्रतींत!”

“मला लिवता येतंय कुठं, सर?”

“मग मी लिहितो. तू अंगठा लाव.”

पहिला अर्ज गेला. आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. किती गोड भाषा! ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. फोन धरताना डाव्या बाजूची खालची कड हाताने झाकू नये. आवश्यक वाटल्यास ग्राहकांनी फोन धरण्याची पद्धत बदलावी.’

म्हणजे फोन ठीक आहे, माणसाचे हात चुकीचे बसवलेत!

फाट्यावर या उत्तराचं जाहीर वाचन झालं आणि त्याच बाकड्यावर डावे अन् उजवे असे दोन पक्ष पडले. गणिताचे दत्तराव मास्तर उजव्यांचे पुढारी.

“कंपनी काही येडी नाही, सर. आपल्याच लोकांना फोन धरता येईना.”

“मग उद्यापासून उजव्या हातात फोन धरा,” उद्धवराव म्हणाले, “अन् फळ्यावर डाव्या हातानं लिहा! अन् जेवताना फोन आला तर काय करता? ते बी सांगून टाका!”

दत्तराव तावातावानं उत्तर द्यायला उठले, तेवढ्यात त्यांचा फोन आला. सवयीनं डाव्या हातात घेतला. “हॅलो? हॅलो?” करत ते रस्त्यापर्यंत गेले आणि तिथूनच घरी गेले. उजवा पक्ष त्या संध्याकाळी बरखास्त झाला.

दुकानदार बन्सीधरची तऱ्हा तिसरीच. “सर, फोन हातात धरायचाच कशाला? टेबलावर ठेवा की! ठेवला तर लई चांगला चालतो.”

“बिरूनं माळावर टेबल न्यायचं का?”

दुसरा अर्ज उद्धवरावांनी पेटून लिहिला. बेचाळीस ग्राहक, एकवीस सह्या, एकवीस अंगठे. आणि खाली जे लिहिलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ वाक्य होतं: ‘या अर्जावरील सर्व अंगठे डाव्या हाताचे आहेत. सरकारला जो हात चालतो, तो आपल्या कंपनीला का चालत नाही?’

या वाक्यानं कंपनीला कुठंतरी टोचलं असावं. चार दिवसांत बेचाळीस फोनांवर एकच संदेश येऊन पडला. ‘सर्व तक्रारदार ग्राहकांना कंपनीतर्फे बंपर मोफत. रविवारी सकाळी अकरा वाजता देवगाव फाटा येथील विक्रेत्याकडे आमचे अधिकारी उपस्थित राहतील. येताना फोन सोबत आणावा.’

बंपर!

आता आपल्या भागात बंपर म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवाळीची बंपर सोडत. गणपतीची बंपर सोडत. कापड दुकानाची बंपर सोडत, पहिलं बक्षीस मोटारसायकल! उद्धवराव संदेश वाचून खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. कंपनी गुडघ्यावर आली होती! उरला प्रश्न एवढाच, की बंपरमध्ये आहे काय?

पुण्यात नोकरीला असलेली त्यांची लेक निवेदिता हुशार होती. त्यांनी तिला फोन लावला. उजव्या हातात पेन, कारण उत्तर लिहून घ्यायचं होतं. डाव्या हातात अर्थातच फोन.

“निवू, कंपनी बंपर द्यायलीय! बंपर म्हणजे नेमकं काय गं?”

“अहो बाबा, सोपंय! बंपर म्हणजे गाडी...”

तिचं पुढचं वाक्य असं होतं: ‘...ला असतो ना, तसलाच. फोनच्या कडेला लावायचं रबर.’ हे तिनं पुण्यात पूर्ण म्हटलं. पण चारठाण्याला ‘गाडी’ एवढंच पोचलं.

उद्धवरावांनी कागदावर लिहिलं, ‘गाडी’. खाली दोन रेघा ओढल्या.

“विमल! कंपनी गाडी द्यायलीय!”

“दळण आणा आधी,” विमल म्हणाली. “अन् परत एकदा विचारून घ्या तिला. कोण देतं हो अशी गाडी फुकट?”

“ग्राहक जागा झाला की देतात!”

शनिवारपर्यंत गाडीची बातमी जिंतूर ओलांडून गेली. उद्धवरावांनी मांडव घातला, माईक बोलावला, हार मागवले. आता गाडी एक आणि ग्राहक बेचाळीस. त्यावरही तोड काढली. ‘फोन सोबत आणावा’ असं कंपनीनंच सांगितलंय. म्हणजे सोडत फोनांवर काढायची! सगळे फोन एका टोपल्यात. डोळे मिटून उचलायचा. ज्याचा निघाला त्याची गाडी.

रविवार उजाडला. हाच महिन्याचा शेवटचा रविवार होता, आणि हे एका माणसाच्या डोक्यातून साफ गेलं होतं. तो माणूस हार मोजत होता.

बिरू, त्याची बायको म्हाळसाबाई आणि शालू दहालाच आले. बिरूच्या गळ्यात गोफाला एक काळी पिशवी लोंबत होती. जुन्या घोंगडीचा तुकडा जाड दोऱ्यानं शिवलेला. आत फोन.

“सर, आमी बसताव इथं कडंला,” बिरू म्हणाला. “पर फोन देत न्हाई. आज दवाखान्याचा यायचाय.”

“अरे, अर्धा तास! नियम सगळ्याला सारखा. कंपनी दारात उभी असताना रेंज जाईल का? अन् हे घोंगडं काढ आधी. मोठे साहेब येणारेत, इज्जतीचा प्रश्न आहे.”

“ऱ्हाऊ द्या, सर,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “घामानं खराब व्हायलता म्हणून म्या शिवली. पर ह्येच्यात घातल्यापून वाजायलाय बघा. कसा बी धरा.”

“ताई, ही तांत्रिक बाब आहे. तुमाला नाही कळायची.”

बिरूनं शालूकडं पाहिलं. मग गोफ गळ्यातून काढला आणि पिशवीसकट फोन टोपल्यात ठेवला. मोठ्या माणसाचा शब्द मोडू नये असं त्याला कुणीतरी लहानपणी शिकवलं होतं. असल्या शिकवणीनं आपल्याकडं किती घरं बसली, त्याचा अर्ज कुणी करत नाही.

बरोबर अकराला पांढरी शुभ्र गाडी मांडवापुढं येऊन थांबली.

“आली! गाडी आली!”

आतून उतरलेल्या माणसाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही! लोक गाडीवर तुटून पडले. बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं, आरशांना हार पडले, चारी चाकांखाली लिंबं गेली. बन्सीधरनं पुढच्या चाकाजवळ नारळ इतक्या जोरात फोडला की पाणी उतरलेल्या माणसाच्या शर्टावर गेलं.

“अहो, हे काय करताय? थांबा! मी केयूर, नभांकचा सेवा अधिकारी! ही भाड्याची गाडी आहे!”

“असू द्या साहेब, कागद नंतर नावावर करू!” उद्धवरावांनी त्याला ओढतच मांडवात नेलं आणि माईक उजव्या हातात धरला. “बंधू-भगिनींनो! ज्या कंपनीनं आपल्याला फोन धरायला शिकवलं, तिला आज आपण... साहेब, बंपर जाहीर करा!”

केयूरनं बगलेतला खोका टेबलावर ठेवला, उघडला आणि आतून एक काळी, लवचीक, चौकोनी चौकट काढून वर धरली.

“हा बंपर. फोनच्या कडेला बसवायचा. म्हणजे हात अँटेनाला लागत नाही आणि रेंज जात नाही. खरं तर फोनमध्ये दोष नाहीच, पण ग्राहकांच्या समाधानासाठी...”

मांडवातल्या सगळ्या माना पुढं झाल्या आणि त्या काळ्या चौकटीवर खिळल्या.

“ही तर कुकरची रिंग हाय,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

मग जो गलका झाला तो लिहिण्यासारखा नाही. कुणी उद्धवरावांना विचारलं, गाडी कुठंय. कुणी केयूरला विचारलं, दोष नाही तर रबर कशाला वाटायलाय. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या कंपनीकडं तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आणि उद्धवराव घामानं डबडबून माईकमध्ये नुसतं “शांतता... शांतता...” करत होते.

तेवढ्यात टोपल्यात फोन वाजला.

बेचाळीस फोन, कंपनीनं दिलेली एकच धून. आपलाच वाजला असं बेचाळीस जणांना वाटलं. सगळे टोपल्यावर पडले, ज्याच्या हाती जो आला तो त्यानं उचलला, अर्थात डाव्या हातानं, आणि “हॅलो! हॅलो!” असा एकच कल्लोळ उठला. धून थांबेना. रिकाम्या टोपल्याच्या तळाशी घोंगडीची पिशवी उरली होती. तीच गात होती.

“दवाखाना!” शालू ओरडली.

सगळ्यांत जवळ उद्धवराव होते. आपल्या हातून काहीतरी बरं घडावं, म्हणून त्यांनी झडप घातली. माईकचा हात तसाच. दुसऱ्या हातानं, दाताच्या मदतीनं, त्यांनी ती ‘इज्जत घालवणारी’ पिशवी ओढून फेकली आणि फोन मुठीत घट्ट धरला.

“हॅलो! अध्यक्ष बोलतोय!”

“दवाखान्यातून बोलतेय. शालूसाठी...”

आणि गेला आवाज.

माईक चालू होता, फोनला चिकटूनच. ‘शालूसाठी’ हा शब्द सगळ्या फाट्यानं ऐकला, आणि त्यानंतरची शांतताही.

बिरू पुढं आला. त्यानं हातातली काठी हळूच जमिनीवर ठेवली. बिरूच्या हातात काठी नाही, असं तिथं कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

“सर,” तो म्हणाला, “दुसऱ्यांदा.”

उद्धवरावांनी आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. त्या हातावर अर्ज करता आला असता तर त्यांनी तिथंच केला असता.

म्हाळसाबाईंनी पुढं येऊन त्यांच्या मुठीतून फोन सोडवला. धूळ झटकून पिशवीत घातला आणि पिशवी मांडवाच्या खांबाला अडकवली. केयूर चौकट घेऊन पुढं सरसावला.

“बंपर बसवून देऊ का?”

“हात लावू नगा,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “कुणीच.”

आणि मग फाट्यावरचे चाळीस-बेचाळीस लोक, कंपनीचा अधिकारी, दुकानदार आणि अध्यक्ष असे सगळे हात मागं बांधून एका घोंगडीच्या पिशवीपुढं उभे राहिले. देवळातही इतक्या शिस्तीत कुणी उभं राहत नाही. पाच मिनिटं झाली. सात झाली. शालूचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. रस्त्यानं एक ट्रक हॉर्न वाजवत गेला तर सगळ्यांनी मिळून त्याच्याकडं असं पाहिलं की ड्रायव्हरनं वेग कमी केला.

नवव्या मिनिटाला पिशवी गायला लागली.

शालूनं पिशवीसकट फोन कानाला लावला. डाव्या हातानं, मुठीत, घट्ट. आणि आवाज गेला नाही.

“हो, मीच शालू... हो सिस्टर... उद्या नऊला? येते. येते!” मग तिनं उद्धवरावांकडं बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, “नाही सिस्टर, अध्यक्ष घरचे नाहीत.”

झालं होतं असं. पहिला फोन तुटल्यावर सत्यशीला सिस्टर यादीतल्या खालच्या नावाकडं वळल्याच होत्या. पण ‘अध्यक्ष बोलतोय’ ऐकून त्यांना वाटलं, आपलाच नंबर चुकला, भलत्याच कुठल्या पुढाऱ्याला लागला. म्हणून त्यांनी तो पुन्हा नीट बघून फिरवला! उद्धवरावांच्या अध्यक्षपदाचा समाजाला झालेला हा पहिला आणि एकमेव उपयोग.

बिरूनं काठी उचलली. त्याच हाताच्या बाहीनं डोळे पुसून तो मेंढरांकडं गेला. रिंगा कुणी घेतल्या, कुणी केयूरच्या अंगावर फेकल्या. त्यानं स्वस्तिक पुसून गाडी चालू केली. चाकांखालची लिंबं फुटली, आणि कंपनी फाट्यावरून गेली. जाताना काचेतून ओरडून सांगून गेलीच, “फोन फक्त नीट धरत जा!”

मांडव सुटला. उद्धवराव मागं उरले, कंपनीची रिंग हातात. त्यांनी ती आपल्या फोनला बसवली. घरी फोन लावला. विमल म्हणाली, “येताना...” आणि आवाज गेला. रिंग डाव्या कडेवरून सुटून खाली पडली होती.

म्हाळसाबाई पिशवीचा गोफ नीट करत उभ्या होत्या. उद्धवराव खाकरले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

“ताई... एक पिशवी आमालाबी शिवून देता का?”

“देते की, सर,” म्हाळसाबाई गंभीरपणे म्हणाल्या. “अर्ज आणा. दोन परतीत. अन् खाली सही नगं, अंगठा लावा.”

दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या,

“डाव्या हाताचा.”